ट्यूबाचें बूच

ट्यूबा हें वाद्य वयानें लहान. वीप्रेख्ट व मोरिट्झ यांनीं १८३५ सालीं बर्लिन येथें त्याचें पेटंट घेतलें, तें लष्करी बँडास भरदार खर्ज मिळावा म्हणून. अशा वाद्याचा गळा आवळावा असें कोणास वाटावें, हें नवलच!

ट्रंपेटास बूच लावण्याची चाल मात्र जुनी आहे. माँटेव्हर्दीच्या १६०७ सालच्या ‘ऑर्फेओ’च्या आरंभींच तें आढळतें. त्या बुचानें आवाज दबे, पण सूरही एका स्वरानें चढे, व इतर वाद्यांस आपली पट्टी त्याप्रमाणें चढवावी लागे. पुढें रिचर्ड स्ट्राउसनें १८९७ सालीं पूर्ण केलेल्या ‘डॉन किहोटे’ या रचनेंत ट्यूबासही बूच घातलें. त्याच रचनेंत मेंढ्यांचें ओरडणें बूच लावलेल्या पितळी वाद्यांतूनच ऐकूं येतें.

आतां सुरांची चढउतार कोणी खपवून घेत नाहीं, आणि निवडीची अडचण येथेंच आहे. ट्यूबांचीं मुखें एका मापाचीं नसतात. एकाचें बूच दुसऱ्यास बेसूर करतें. बूच म्हणजे लाकडाचा, कागदी लगद्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पोकळ शंकु. त्यावरील कॉर्कच्या पट्ट्या वाद्याच्या मुखास टेकतात व त्यांमधील फटींतून हवा निघते. पट्ट्या थोड्या थोड्या घासून सूर जुळवावा लागतो. परीक्षा तळच्या सुरांवर करावी. बूच तेथेंच दगा देतें. शिवाय वाद्याचें मुख वर, आणि बूच बादलीएवढें. तें जमिनीवरून उचलून बसविण्यास वादकाला कांहीं मात्रांची उसंत लागते, ती रचनाकारानें आधींच लिहून ठेवावी लागते.