प्लेगचा दाखला ते विम्याचे कार्ड : साथीच्या दारात कोणाला अडवले जाते?

सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने परदेशी प्रवाशांसाठी नवे नियम जाहीर केले. भारतात लसीचे दोन्ही डोस घेतलेला माणूससुद्धा 'लस न घेतलेला' धरायचा आणि त्याला दहा दिवस विलगीकरणात ठेवायचे, असा त्याचा अर्थ होता. ही लस म्हणजे कोविशील्ड. तिचे मूळ संशोधन ब्रिटनमधल्याच ऑक्सफर्ड विद्यापीठाचे आणि उत्पादन आपल्या पुण्यातल्या हडपसर-मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटचे. ओरड झाल्यावर ब्रिटनने लस मान्य केली, पण भारताने दिलेला दाखला मान्य केला नाही. मग भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांचे विलगीकरण सक्तीचे केले. तेव्हा कुठे ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनची अट गेली.

त्या काळात आपल्याकडचा विमानाने फिरणारा वर्ग चांगलाच खवळला. 'हा उघड वंशभेद आहे' असे लेख आले, चर्चा झाल्या. राग योग्यच होता. पण हाच वर्ग तेव्हा आपापल्या सोसायटीच्या गेटवर काय करत होता? घरकामगार बाईकडे दाखला मागत होता, तिला लिफ्ट वापरू देत नव्हता आणि ती आजारी पडली तर तिच्या औषधपाण्याचे काय, हा प्रश्न मात्र विचारत नव्हता. लंडनच्या विमानतळावर जो अपमान वाटला, तो कोथरूडच्या गेटवर 'खबरदारी' कसा झाला?

साथीच्या दारात नेहमी दोन प्रश्न असतात. पहिला, 'तुझ्याकडे दाखला आहे का?' दुसरा, 'तू आजारी पडलास तर खर्च कोण करणार?' आपल्या राज्यकर्त्यांनी सव्वाशे वर्षे पहिला प्रश्न गरिबाला विचारला आणि दुसरा टाळला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची परंपरा आपली आहे. ती सावित्रीमाई, नारायण मेघाजी लोखंडे आणि बाबासाहेबांपर्यंत जाते. तरुण कार्यकर्त्यांनी ती नीट समजून घेतली पाहिजे.

चार कलमांचा कायदा

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. काही महिन्यांत प्लेग पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. कायदा अवघ्या चार कलमांचा. प्रवाशांची तपासणी करणे, संशयिताला अडकवून ठेवणे, बंदरातली जहाजे रोखणे, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा करणे आणि हे सगळे करणाऱ्या अधिकाऱ्यांना कोर्टकचेरीपासून संरक्षण देणे, एवढे त्यात आहे. रोग्याला उपचार मिळण्याचा हक्क त्यात कुठेच नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच कायदा!

कायद्यामागे आणखी एक दबाव होता. मुंबईच्या प्लेगमुळे युरोप हादरला होता. १८९७ च्या सुरुवातीलाच व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानातून येणारी माणसे आणि माल यांच्यावर कोणत्या अटी घालायच्या, हा तिथला विषय होता. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना बंदी झाली. देशाच्या आतही तेच. रेल्वे स्टेशनांवर तपासणी सुरू झाली आणि तिचा सगळा जाच तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या वाट्याला आला. वरच्या वर्गाला सवलत मिळाली. मद्रास इलाख्यात प्लेगच्या मुलखातून आलेल्या माणसाला 'प्लेग पासपोर्ट' देत आणि दहा दिवस रोज हजेरी लावायला सांगत. पुढे हाफकिनची लस टोचून घेतलेल्यांना दाखला मिळू लागला आणि दाखला असेल तर सक्तीच्या विलगीकरणातून सूट मिळू लागली. म्हणजे आपल्याच देशात आपला माणूस परका ठरला आणि त्याचे माणूसपण एका कागदावर आले.

पुण्याने काय लक्षात ठेवले?

पुण्याच्या प्लेगचा इतिहास म्हटला की शाळेपासून आपल्याला एकच गोष्ट सांगितली जाते : रँड आणि चापेकर. वॉल्टर रँड प्लेग समितीचा अध्यक्ष होता. १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. दारे फोडली, बायकांची चारचौघांत तपासणी केली, सामान जाळले. हा जुलूम खरा होता, त्याचे समर्थन कोणीही करू नये. पंडिता रमाबाईंनीसुद्धा प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांविरुद्ध तेव्हा जाहीर आवाज उठवला होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली.

पण त्या काळातल्या सगळ्या तक्रारी जुलमाविरुद्धच होत्या का? नाही. सोजीर देवघरात शिरले, स्वयंपाकघर बाटले, इस्पितळात परजातीच्या माणसाशेजारी झोपवले, ही तक्रारही तेवढ्याच मोठ्या आवाजात होती. म्हणून पुण्यात वेगळे हिंदू प्लेग हॉस्पिटल निघाले. त्यात लोकमान्य टिळक पुढे होते. रोग्यांची सोय झाली हे चांगलेच, पण साथीतही माणसे जाती-धर्माप्रमाणे वेगळ्या छपराखाली झोपली, हे विसरायचे कसे?

याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळे काम चालले होते. हडपसरजवळच्या सासाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीमाई ६६ वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगने तापला होता. सावित्रीमाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीमाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडच्या झडत्या सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस बाकी होते. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावांनाही प्लेगनेच नेले. ज्या हडपसरात सव्वाशे वर्षांनी जगाला पुरेल एवढी लस तयार झाली, त्या हडपसरात माईंनी कोणाचा दाखला, कोणाची जात, कोणाची ऐपत विचारली नव्हती.

सावित्रीमाईंच्या आधी महिनाभर, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईत सत्यशोधक कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे गेले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे प्लेगच्या रोग्यांसाठी झटताना प्लेगनेच वारले. आजारी पडला की कामगाराची मजुरी बंद, औषध नाही आणि गावी पळावे तर वाटेत तपासणी. हे ज्यांनी जवळून पाहिले, त्यांच्यापैकी ते एक होते.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण त्यात आपल्या लोकांची ताकद दिसते. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई म्युनिसिपालिटीने रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे कडक नियम काढले. शहर घाबरले. तेव्हा म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना सर्वांत मोठी भीती कोणाची होती? हलालखोरांची, म्हणजे मैला साफ करणाऱ्या कामगारांची. ते शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. महिनाअखेर नियम सैल झाले. ज्यांना शहर शिवून घेत नव्हते, त्यांच्यावाचून शहर एक आठवडाही चालले नसते!

बाबासाहेबांचे मजूर खाते

खर्च कोण करणार, या प्रश्नाला सरकारी पातळीवर पहिले गंभीर उत्तर मिळायला १९४३ साल उजाडले. जुलै १९४२ पासून बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याच्या काळात मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या उद्योगांपासून सुरुवात करावी, अशी ती योजना होती.

१९४६ च्या अखेरीस विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्या खात्यात नव्हते. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. श्रेय अनेकांचे आहे. आपण ते फुगवून सांगण्याची गरज नाही, पण पाया कोणाच्या खात्याच्या काळात घातला गेला हे लपवूही देऊ नये.

या योजनेचे तत्त्व महत्त्वाचे आहे. कामगाराने थोडी वर्गणी द्यायची, मालकाने जास्त द्यायची. उपचार मात्र वर्गणी पाहून नव्हे, आजार पाहून मिळणार. आजारपणातल्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, बाळंतपण आणि कामावरचा अपघात हेही त्यात आहे. विमा म्हणजे दया नव्हे, हक्क. सासाणे मळ्यात जे करुणेने झाले, ते कायद्याने करण्याचा हा प्रयत्न होता. बुद्धाची करुणा संविधानाच्या भाषेत उतरते, ती अशी.

पण योजना कारखान्यापुरती सुरू झाली आणि आपली बहुसंख्य माणसे कारखान्याच्या बाहेरच राहिली. कचरावेचक, घरकामगार, बिगारी, हमाल यांना मालकच नव्हता, किंवा असून तो कबूल करत नव्हता. पुण्याने इथे एक चांगला धडा घालून दिला. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आम्ही कचरा उचलतो म्हणून महापालिकेचा खर्च वाचतो, हे कचरावेचक बायांनी महापालिकेला पटवून दिले. आधी ओळखपत्र मिळवले आणि २००२-०३ मध्ये नोंदणीकृत कचरावेचकांसाठी महापालिकेच्या खर्चाने आरोग्य विमा मिळवला. या बायांमध्ये बहुसंख्य आपल्याच समाजातल्या. संघटना असेल तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते, याचा हा पुरावा.

२०२० : रोग विमानाने आला, दार वस्तीला लागले

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. ते दुबईहून विमानाने आले होते. त्यांचा काही दोष नव्हता. पण पुढे पत्रे आणि बांबू लावून बंद झाल्या त्या भवानी पेठ, कासेवाडी, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट अशा दाटीच्या वस्त्या. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि सार्वजनिक संडास. तिथे 'अंतर पाळा' हा उपदेश म्हणजे चेष्टाच होती.

परराज्यातल्या मजुरांना श्रमिक रेल्वेत बसायला सुरुवातीला डॉक्टरचे प्रमाणपत्र लागत होते. हातात पैसा नाही, काम नाही आणि दवाखान्यासमोर कागदासाठी रांग. तापमान मोजून शिक्का मारलेला तो कागद म्हणजे १८९७ चा प्लेग पासपोर्टच. फरक एवढाच, की या वेळी अडवणारे सरकार आपले होते.

विम्याचे काय झाले? मे २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व रहिवाशांना लागू केली गेली. निर्णय चांगला होता. पण रेशनकार्ड किंवा रहिवासाचा दाखला तर हवाच. परराज्यातला मजूर आणि कागदच नसलेली भटक्या-विमुक्तांची कुटुंबे जोतिबांच्या नावाच्या योजनेच्याही दाराबाहेर राहिली. केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. त्यात इस्पितळातले सफाई कामगारही होते. मात्र दाव्यासाठी 'कोविडच्या ड्यूटीवर होता' असे संस्थेचे प्रमाणपत्र लागत होते. ज्याचे नावच ठेकेदाराच्या हजेरीपटावर नीट नाही, त्याच्या विधवेने हे प्रमाणपत्र आणायचे कोठून?

परदेशी माणसाचा विमा आणि आपला

काही जण म्हणतील, साथीत अटी नसाव्यात का? असाव्यात. रोग पसरू नये म्हणून तपासणी, विलगीकरण, लस हे सगळे लागतेच. आपण विज्ञान मानणारे लोक आहोत. प्रश्न अटींचा नाही, अटीबरोबर काय दिले जाते याचा आहे.

जगाने परदेशी माणसासाठी काय केले ते पाहा. थायलंडने साथीत येणाऱ्या परदेशी माणसाकडून एक लाख डॉलरचा आरोग्य विमा मागितला. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा घ्यायचा तर ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा साथीच्या आधीपासूनच लागतो. ब्रिटन २०१५ पासून परदेशी लोकांकडून आरोग्य अधिभार घेतो. साथ ऐन भरात असताना तिथल्या सरकारी इस्पितळांत राबणाऱ्या परदेशी नर्स आणि सफाई कामगारांनाही तो भरावा लागत होता. टीका झाल्यावर मे २०२० मध्ये त्यांना सूट जाहीर झाली. सेवा करणाऱ्याकडूनच पैसे घ्यायचे, ही रीत फक्त आपल्याकडची नाही.

पण या अटीत एक कबुली दडलेली आहे. विम्याशिवाय माणूस आजारी पडला तर कोणाला तरी खर्च करावा लागतो, हे सगळी सरकारे जाणतात. म्हणून परदेशी माणसाला दारातच विचारतात. मग हाच नियम आपल्या नागरिकासाठी उलटा का लावत नाही? परदेशी माणसाने विमा आणावा, हे ठीक. पण नागरिकाला विमा सरकारने आणि मालकाने द्यावा. दाखला मागण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने उपचाराची हमी दिली आहे.

आपण काय करायचे?

नुसते लेख लिहून भागणार नाही. कंत्राटी सफाई कामगार, सिक्युरिटी गार्ड, हाउसकीपिंगच्या बायका यांची पगारपत्रके पाहा. २०१९ पासून ईएसआयची वर्गणी कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के आहे. ही कपात दिसते का? कापलेले पैसे खरोखर भरले जातात का? विमा क्रमांक कामगाराच्या हातात आहे का? महिना २१ हजारांची पगारमर्यादा २०१७ पासूनची आहे, ती वाढवण्याची मागणी लावून धरा. घरकामगार आणि कचरावेचक यांच्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात विम्याची वेगळी तरतूद मागा. कागद नसलेल्या कुटुंबांची यादी करून त्यांचे दाखले काढून द्या.

दरवर्षी १० मार्चला आपण सावित्रीमाईंच्या पुतळ्याला हार घालतो. त्या दिवशी प्रत्येक विहारात एक टेबल लावा आणि वस्तीतल्या किती माणसांना विमा आहे, किती जणांना नाही, याची नोंद करा. पुढची साथ येईल तेव्हा पत्रे पुन्हा आपल्याच वस्तीला लागतील. तेव्हा आपल्या हातात भीक मागणारा अर्ज नको, हक्काचे कार्ड हवे.

जय भीम! जय सावित्री!