आमचे काऊबॉय, व्हाया पन्हाळा

तर मंडळी, परवाच्या लाँग वीकेंडला कोल्हापूरला घरी होतो. शुक्रवारी रात्रीच्या बसने निघालो, शनिवारी सकाळी कटाची मिसळ हाणली आणि दुपारी लॅपटॉप घेऊन लोळत पडलो. ऑफिसचा ग्रुप म्यूट, प्रॉडक्शन इश्यू गेला खड्ड्यात.

काऊबॉयचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते 'रेड डेड रिडेम्प्शन २'मुळे. हा गेम २०१८ साली आला आणि त्याने माझे कितीतरी रविवार खाल्ले. गेम संपल्यावर मग जुन्या अमेरिकन टीव्ही मालिका शोधून बघायला लागलो. 'गनस्मोक' १९५५ ते १९७५ अशी तब्बल वीस वर्षं चालली, आणि जेम्स आर्नेसने वीसच्या वीस वर्षं तोच मार्शल मॅट डिलन रंगवला. (आपण दोन वर्षांत कंपनी बदलतो!) 'बोनान्झा' सुरू झाली १९५९ मध्ये. एनबीसी वाहिनीची मालक आरसीए कंपनी रंगीत टीव्ही संच विकायची. लोकांनी ते विकत घ्यावेत म्हणून रंगात काहीतरी झकास दाखवणं भाग होतं, म्हणून ही मालिका पहिल्या भागापासून रंगीत. म्हणजे घोडे, तळं, निळं आकाश हा सगळा एक प्रकारचा प्रॉडक्ट डेमोच म्हणायचा!

तर मी 'बोनान्झा' बघत होतो. मागून आजोबा आले, चष्मा लावून दोन मिनिटं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "हे काय घोड्यावर बसणं हाय व्हय रं? आमचा सूर्यकांत बघ. मांड ठोकून बसायचा!"

मला सूर्यकांत म्हणजे आईच्या तोंडून ऐकलेलं एक नाव, एवढंच माहीत. मग लॅपटॉपवरचं वेस्टर्न बंद झालं आणि 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) लागला. कृष्णधवल, आवाज थोडा घरघरणारा. पण काय सांगू, दहा मिनिटांत मी सरळ होऊन बसलो. धूळ, घोडे, दऱ्या, जिवावर उदार झालेली माणसं... अरे, हे तर आपलं वेस्टर्नच की!

मग रविवार पूर्ण त्यातच गेला.

मुळापासून सांगतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट केला. त्यात रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर आपल्याकडे बहुतेक शूटिंग उन्हातच व्हायचं. याच कंपनीत मास्टर विठ्ठल नावाचा एक तरुण होता. 'कल्याण खजिना'मध्ये (१९२४) हा गडी चक्क नर्तकी म्हणून पडद्यावर आला! पुढे मुंबईला शारदा फिल्म कंपनीत गेला आणि तलवारबाजी, उड्या, घोडेस्वारी यांच्या जोरावर मूकपटांचा सगळ्यात मोठा स्टंट हीरो झाला. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्याचा नायकही हाच. त्या सिनेमासाठी शारदाचा करार मोडला म्हणून कोर्टकचेरी झाली, तेव्हा विठ्ठलची बाजू मांडायला वकील होते बॅरिस्टर जिना. हो, तेच जिना!

पण गंमत अशी की सिनेमा बोलायला लागला आणि विठ्ठलची पंचाईत झाली. ज्याचं सगळं बोलणं अंगातून, त्याला आता तोंडाने बोलायचं होतं. नंतरच्या काळात तो भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत दिसत राहिला, पण बाजूच्या भूमिकांत. १९६९ मध्ये तो गेला. 'आलम आरा'ची एकही प्रिंट आज उरलेली नाही. ज्या माणसाला बघायला एके काळी थिएटरं भरत होती, त्याचं सगळ्यात प्रसिद्ध काम आपण कोणीच कधी बघू शकणार नाही. आम्ही इथे फालतू लॉग फाइलचा सुद्धा तीन ठिकाणी बॅकअप ठेवतो, राव.

विठ्ठलनंतर गादी आली मांडरे बंधूंकडे. थोरले चंद्रकांत (मूळ नाव गोपाळ), धाकटे सूर्यकांत (मूळ नाव वामन). दोघंही कोल्हापूरचे, दोघांच्याही डोक्यावर भालजींचा हात. 'थोरातांची कमळा'त (१९४१) चंद्रकांत संभाजी झाले, 'छत्रपती शिवाजी'त (१९५२) शिवाजी महाराज. 'बहिर्जी नाईक'मध्ये (१९४३) बालशिवाजी होता तो सूर्यकांत. अमेरिकन लोक मॉन्युमेंट व्हॅलीत कॅमेरे घेऊन जायचे. आमच्या लोकांना पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटरवर. गावच संस्थानचं, त्यामुळे तालमी आणि पागा जुन्याच.

आता एक फरक मला जाणवला, पटतोय का बघा. वेस्टर्नमधला हीरो एकटा येतो, गावाची घाण साफ करतो आणि एकटाच निघून जातो. आपला घोडेस्वार कधीच एकटा नसतो. त्याच्या मागे आई असते, बायको असते, आणि तो कुणाचा तरी निरोप किंवा हुकूम घेऊन निघालेला असतो. तिकडे प्रश्न असतो कायदा कधी येणार. इकडे प्रश्न असतो की गडी गडावर वेळेत पोचणार का. मला स्वतःला आपला प्रश्न जास्त चटका लावतो, पण मी पडलो कोल्हापूरचा, सो बायस्ड.

मग आपले हे लोक तिकडच्यासारखे मालिकांत का गेले नाहीत? याचं उत्तर तारखांतच आहे. तिकडे 'लोन रेंजर' १९४९ मध्येच टीव्हीवर आला होता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि 'बोनान्झा'चा शेवटचा भाग दाखवला गेला १६ जानेवारी १९७३ ला. म्हणजे आपला टीव्ही चालू होईपर्यंत त्यांचा उरूस उठत आला होता! सूर्यकांत तेव्हा सत्तेचाळीसचे, चंद्रकांत साठीला टेकलेले. घोड्यावरचा शिवकाळ रोज रात्री घरात यायला बराच काळ जावा लागला; आमच्या पिढीने मग 'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०१७ ते २०२०) बघितला.

आणि स्टुडिओ? भालजींचा जयप्रभा १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जळाला. 'मीठभाकर' हा तयार चित्रपट त्यात गेला. बाबांनी (भालजींना सगळे बाबाच म्हणत) तो परत शूट केला. आख्खा सिनेमा! पुढे कर्जापायी स्टुडिओ हातचा गेला आणि १९५९ मध्ये लता मंगेशकरांकडे आला. याच लताबाईंनी 'आनंदघन' या नावाने 'मोहित्यांची मंजुळा' आणि 'मराठा तितुका मेळवावा'ला (१९६४) संगीत दिलं. २०२२ मध्ये स्टुडिओची जागा विकली गेल्याचं बाहेर आलं तेव्हा कोल्हापूरचे कलाकार आंदोलनाला बसले होते. मी तेव्हा पुण्यात वर्क फ्रॉम होम करत होतो. व्हॉट्सअॅपवर फोटो आला, मी अंगठा दाखवला आणि स्टँडअप कॉलला गेलो. आता लाज वाटते, पण झालं ते असं.

असो. सोमवारची सुट्टी टाकली (मॅनेजरला ताप आल्याचं कळवलं, सॉरी) आणि आजोबांना गाडीवर मागे बसवून राजारामपुरीत गेलो. चंद्रकांत मांडरेंनी आपलं घर आणि चित्रं सरकारला दिली, त्याचं तिथे कलासंग्रहालय आहे. मला वाटलं होतं ढाल, तलवार, जिरेटोप बघायला मिळेल. पण ओळीने लावलेली होती ती निसर्गचित्रं, पावडर शेडिंगची कामं. झाडं, पाणी, धुकं. ज्या हाताने पडद्यावर तलवार फिरवली, त्याच हाताने इतकं हळुवार काम.

आजोबा एका चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, "आजोबा, दमला असाल, बसा की." तर म्हणाले, "थांब जरा. घोडा कुठं दिसतोय का बघतोय."


घोडा नव्हता. आम्ही पुढच्या खोलीत गेलो.