बी ग्रुपच्या वंशावळीतला बेडूक

सोलापुरात दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच खल सुरू होतो: मॅथ्स ठेवायचे की बायो? इंटर सायन्सचा काळ पाहिलेले आजोबा अजूनही ‘ए ग्रुप की बी ग्रुप?’ असेच विचारतात. नातू ‘पीसीबी’ म्हणतो. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलंगणातले पाहुणे आले की त्यांच्या तोंडी याच गटाचे नाव ‘बायपीसी’ असते. नावे तीन, विषय तेच: भौतिक, रसायन आणि जीव. डॉक्टर व्हायचे तर हे तीन हवेत आणि गणित सुटले तरी चालेल, ही वाटणी मुळात कोणी केली? तिचा माग काढताना मला एक बेडूक सापडला.

आधी नावाचा वाद निकालात काढू. बी म्हणजे बायॉलॉजी, असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. तसे असते तर गणिताच्या गटाला एम म्हटले असते. पहिला गट ए, दुसरा बी, एवढीच ती अक्षरे. बायॉलॉजीचे आद्याक्षर जुळले हा योगायोग, पण त्यामुळेच बी ग्रुप हे नाव लोकांच्या जिभेवर टिकले.

‘पीसीबी’ची गोष्ट जास्त चकवणारी आहे. फ्रान्समध्ये १८९३ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिक, रसायन आणि निसर्गविज्ञान यांचे एक प्रमाणपत्र सक्तीचे झाले. त्याचे नाव पीसीएन. १९३४ मध्ये त्याची जागा दुसऱ्या प्रमाणपत्राने घेतली, त्याचे नाव पीसीबी! अक्षरन् अक्षर आपलेच. तरीही पॅरिसला आपले मूळपुरुष ठरवता येत नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, आणि लंडनमध्ये वैद्यकाआधी विज्ञानाची प्राथमिक परीक्षा पीसीएनच्या कितीतरी आधीपासून होती. फ्रेंच पीसीबी हा आपला चुलतभाऊ, आजोबा लंडनचे.

त्या आजोबांचे नाव थॉमस हेन्री हक्सली. डार्विनची बाजू हिरिरीने लढवणारे म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण माझ्या मते त्यांचे सर्वांत दूर पोचलेले काम वेगळेच आहे. तोवर वैद्यकाचे विद्यार्थी वनस्पतिशास्त्र शिकत ते मुख्यतः औषधे झाडपाल्यातून येत म्हणून, आणि प्राणिशास्त्र म्हणजे नावांच्या लांबलचक याद्या. हक्सलींनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये शाळामास्तरांसाठी वर्ग घेतले आणि दोन्ही विषय एकाच टेबलावर आणले. शेकडो जाती पाठ करण्याऐवजी मोजके नमुने घ्यायचे, प्रत्येक स्वतः कापायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, चित्र काढायचे. हेन्री न्यूएल मार्टिन या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी १८७५ साली या पद्धतीचे पुस्तक काढले. त्यात यीस्ट आहे, अमीबा आहे, नेचे आहे, हायड्रा आहे आणि शेवटी बेडूक. बेडूक शेवटी का? तो स्वस्त, हाताशी मिळणारा, आणि त्याचे हृदय, यकृत, मज्जातंतू पाहिले की माणसाच्या शरीराची पहिली उजळणी होते. डॉक्टरकीच्या उंबरठ्यावर जीवशास्त्र येऊन बसले ते या बेडकाच्या जोरावर.

आता महाराष्ट्र मंडळाचे अकरावीचे जीवशास्त्राचे पुस्तक उघडा. त्यात एक अख्खा धडा झुरळावर आहे आणि त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘ॲनिमल टाइप’ हे शब्द आहेत. हा टाइप हक्सलींच्या पद्धतीतलाच शब्द. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात तर बेडूक अजून आहेच. घराण्याची याहून स्पष्ट खूण कुठली हवी?

मार्टिन १८७६ मध्ये बाल्टिमोरला नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी पदवीचे विषय सात ग्रुपमध्ये बांधले होते, आणि त्यातला रसायन-जीवशास्त्राचा ग्रुप होता भावी डॉक्टरांसाठी. हा ‘ग्रुप’ वाचून मी थबकलो. आपला शब्द तिथूनच आला असावा, असे मला फार वाटत होते. पण मुंबई-मद्रासचे नियम अमेरिकेकडे पाहून केलेले नव्हते. विषयांच्या याद्यांना ए, बी म्हणण्याची सवय इंग्रजी परीक्षांचीच. तेव्हा शब्दापुरती ही बाजू मी सोडतो. आशयाची सोडत नाही: सोलापूरचा बी ग्रुप आणि बाल्टिमोरचा तो ग्रुप, दोघांचा पूर्वज हक्सलींचे टेबलच.

पुढे वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने हॉपकिन्सचा कित्ता साऱ्या अमेरिकेला दिला. तिथे इतिहासाची किंवा संगीताची पदवी घेणाराही ठरलेले विज्ञान शिकून वैद्यकाला जातो. आपल्याकडे मात्र पूर्वतयारीचीच भिंत झाली.

सोलापुरात ही वाट सुरू व्हायला वेळ लागला. इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले. ते १९३८ मध्ये चीनला गेले, तेव्हा सोलापूरचे दयानंद कॉलेज निघायचेच होते. ते १९४० चे. १९५३ मध्ये संगमेश्वर आले, १९६३ मध्ये वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय. बी ग्रुपपासून एमबीबीएसपर्यंतची वाट गावातच पुरी झाली. मग दहा अधिक दोन आले, इंटर गेली आणि गटाची निवड अकरावीच्या दाराशी येऊन ठेपली. जी निवड कॉलेजात रुळल्यावर व्हायची, ती आता दहावीच्या निकालाच्या आठवड्यात होते. नीटच्या ७२० गुणांत ३६० जीवशास्त्राचे, म्हणून पालक गणित काढून भूगोल घ्यायला लावतात. गणित आवडणाऱ्या मुलीवर हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. संसर्गाचा फैलाव मोजणे, औषधाच्या चाचण्या पारखणे, ही आजच्या वैद्यकाची कामे गणिताशिवाय होत नाहीत.

तेव्हा अकरावीचा अर्ज भरणाऱ्यांना माझे सांगणे आहे: चारही विषय पेलत असतील तर चारही घ्या. आणि बायो सुटले म्हणून डॉक्टरकीचे दार बंद झाले, असे मुलांना सांगू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे की, बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यालाही नीट देता येते.