वीज गेल्यावर प्रशिक्षण कुठे जातं?

पीएच.डी.चा विषय शोधताना बरेच जण ‘मदतकार्य करणाऱ्यांसाठी आपत्ती व्यवस्थापनाचं डिजिटल प्रशिक्षण’ असं शीर्षक लिहून मोकळे होतात. शीर्षक भारदस्त आहे, पण त्यात प्रश्न कुठे आहे? तो शोधायचा तर आधी इतिहासाकडे जावं लागतं. आज त्यासाठी वसई-विरारचं उदाहरण घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि महाराष्ट्रात आपत्तीचे आराखडे, नियंत्रण कक्ष, प्रशिक्षण या गोष्टींना वेग आला. २००४ च्या त्सुनामीनंतर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, २००६ मध्ये एनडीआरएफ उभं राहिलं. २०२० च्या टाळेबंदीत माणसं वर्गात बसवणंच अशक्य झालं. तेव्हा केंद्र सरकारने एप्रिलमध्ये ‘दीक्षा’ या व्यासपीठावर ‘आयगॉट’चे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. डॉक्टर, परिचारिका आणि इतर आघाडीच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मोबाईलवर मिळू लागलं. थोडक्यात, प्रत्येक टप्पा आधीच्या संकटातून आला. मग आपल्या गावच्या संकटांनी काय शिकवलं, हे कोण विचारणार?

वसई-विरारचा भूगोल पाहा. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, मध्ये सखल जमीन आणि मिठागरं. जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात इथे धो धो पाऊस पडला. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी आलं, लोकल थांबल्या, वडोदरा एक्स्प्रेसचे प्रवासी अडकले. मिठागरांतल्या वस्तीलाही पाण्याने वेढा घातला. एनडीआरएफला बोलवावं लागलं. त्यातच खबरदारी म्हणून अनेक भागांतली वीज बंद ठेवली गेली. आता विचार करा: सगळं प्रशिक्षण सर्व्हरवर आहे, मोबाईलची बॅटरी संपत आली आहे आणि चार्ज करायची सोय नाही. कार्यकर्त्याच्या हाती काय उरलं? संशोधनाचा पहिला प्रश्न इथे सापडतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. २३ एप्रिल २०२१ ला पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. अशा वेळी पहिली काही मिनिटं हाताळतात ती ड्यूटीवरची माणसं. बचाव पथक नंतर पोचतं. मग ‘शिकणारा’ कोण, हे ठरवताना परिचारिका, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक यांना वगळून कसं चालेल?

तिसरा प्रश्न जागेचा. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ जणांचा जीव गेला. रस्ता अरुंद असल्याने मोठी यंत्रं सुरुवातीला आत नेता आली नाहीत. दिल्लीत बनवलेल्या सर्वांसाठीच्या व्हिडिओत ही गल्ली नसणार. ती माहिती स्थानिक माणसाकडे असते, म्हणून अभ्यासक्रम बनवताना तोही टेबलावर हवा.

याचा अर्थ डिजिटल नको, असा नाही. आशयाचे छोटे भाग आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवता येतात. त्यांच्या जोडीला खिशात मावणारं छापील कार्ड आणि वीज बंद करून घेतलेली रंगीत तालीम द्यायला हवी. परीक्षाही बदलावी लागेल. किती प्रमाणपत्रं वाटली हे मोजणं सोपं आहे. तालमीत किती जणांनी नेटवर्क नसताना निरोप पोचवला, होडी कुठे ठेवली आहे हे किती जणांना माहीत होतं, हे मोजणं कठीण. पण तुमचा प्रबंध उभा राहील तो याच मोजणीवर.

साधनं वापरताना एक काळजी घ्या. त्या दिवशीच्या बातमीतला आकडा अंतिम धरू नका. विजय वल्लभच्या आगीच्या पहिल्या बातम्यांत १३ मृत्यू आहेत, पुढे तो आकडा वाढला. वर्तमानपत्रांची नंतरची पानं, चौकशी अहवाल, अग्निशमन दलाच्या नोंदी आणि प्रत्यक्ष मदत करणाऱ्यांच्या मुलाखती एकमेकांशी ताडून पाहा.

आता तुमच्या तालुक्यासाठी एका कागदावर तीन रकाने आखा: तारीख, काय बंद पडलं, सगळ्यात आधी कोण पोचलं. पाच घटना भरा. एखादी गोष्ट दोन-तीनदा बंद पडलेली दिसली, तर मार्गदर्शकांकडे जाताना शीर्षक घरी ठेवा आणि तो कागद घेऊन जा.