बेथेल: जालन्याच्या उपासनेतले यहुदी मूळ

जालना शहराजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीचे नाव हिब्रू आहे. ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे देव. मराठीतला ‘देऊळ’ हा शब्द ‘देवकुल’वरून आला, तेव्हा अर्थाने दोन्ही शब्द सख्खे भाऊच. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब घर सोडून निघतो, वाटेत धोंडा उशाला घेऊन झोपतो, स्वर्गाला टेकलेली शिडी स्वप्नात पाहतो. सकाळी तोच धोंडा उभा करून त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला बेथेल म्हणतो. बांधावरच्या धोंड्याला शेंदूर-तेल वाहिलेले रोज पाहणाऱ्या मराठवाड्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नव्हते.

वस्ती वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. जन्माने ब्राह्मण, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते. त्यांच्या मंडळीत मांग समाजातली कुटुंबे मोठ्या संख्येने आली. त्याच मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले होते, तेही कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळणारे शेजारी मराठी ख्रिस्ती माणसाला असे स्वतःच्याच भाषेत लाभले होते. त्याचा स्वतःचा विसाव्याचा दिवस मात्र रविवार, येशूच्या पुनरुत्थानाचा.

स्कॉटलंडहून आलेल्या उपासनेचा क्रम साधा: प्रार्थना, स्तोत्र, जुन्या आणि नव्या करारातले वाचन, प्रवचन, शेवटी आशीर्वाद. वेदी नाही, बळी नाही. हा सांगाडा यरुशलेमच्या मंदिराचा नसून यहुदी सभास्थानाचा आहे. नासरेथच्या सभास्थानात येशू उभा राहून यशयाचा ग्रंथ वाचतो आणि खाली बसून त्यावर बोलतो, असे लूकचे शुभवर्तमान सांगते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यावर यज्ञबळी थांबले आणि यहुदी उपासनेचा भार वाचन व प्रार्थनेवर आला. इ. स. १५०च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन केले, त्यातही तोच सांगाडा दिसतो: प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचायचे, मग उपदेश, मग प्रार्थना, आणि लोकांचे ‘आमेन’. मंडळीचा कारभार ‘वडिलां’नी पाहायचा, ही स्कॉटिश मिशनची प्रेस्बिटेरियन रीतही यहुदी समाजातल्या वडीलमंडळींच्या वळणाची.

येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर व प्याला घेण्याच्या विधीत, म्हणजे प्रभुभोजनात, हे यहुदी मूळ सर्वांत ठळक आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार येशूचे शेवटचे जेवण वल्हांडणाचे होते. मिसर देशातल्या इस्राएली घरांच्या चौकटींवर कोकराचे रक्त लावलेले पाहून परमेश्वर ती घरे ओलांडून पुढे गेला, याची आठवण म्हणजे हा सण. ‘वल्हांडणे’ म्हणजे ओलांडणे. हिब्रू ‘पेसाह’ला बसवलेला हा मराठी शब्द इतका चपखल आहे की तो भाषांतरातून आला हे ध्यानातही येत नाही. सणाची भाकर बेखमीर, कारण निघण्याच्या घाईत कणीक आंबायला वेळ नव्हता. भाकर व प्याला हाती घेऊन आधी देवाचे आभार मानायचे, हीही यहुदी घरातल्या जेवणाची रीत. जेवणानंतर गीत गाऊन येशू आणि त्याचे शिष्य डोंगराकडे गेले, असे मत्तय आणि मार्क लिहितात; वल्हांडणाच्या रात्री ११३ ते ११८ ही स्तोत्रे गाण्याचा प्रघात आहे.

ईस्टर या पुनरुत्थानाच्या सणाचा दिवसही पूर्वी काही मंडळ्या यहुदी पंचांगाप्रमाणेच धरत. ३२५ साली निकेआच्या परिषदेने तो संबंध तोडला. शब्द मात्र राहिले. ‘वल्हांडण’ आणि ‘स्तोत्र’ मराठी झाले, पण ‘आमेन’, ‘होसान्ना’, ‘हालेलूया’ हिब्रूच राहिले. उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून जो आशीर्वाद पुष्कळदा देतो, तो जुन्या करारातल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आहे. अहरोनाच्या वंशातल्या याजकांनी इस्राएलाला द्यावा म्हणून सांगितलेला, आणि सभास्थानात आजही उच्चारला जाणारा.