वाद्यमेळात प्रत्येक सुराला जागा

अनंत चतुर्दशीला नारायण पेठेतल्या एखाद्या गच्चीवरून लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक ऐकताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. पथकात ढोल डझनांनी असतात, ताशे मोजकेच. तरीही ताशाची तर्री वेगळी उमटते. ढोलाचा नाद मुख्यतः खालच्या पट्टीत घुमतो, ताशाचा कडकडाट वरच्या पट्टीत राहतो. त्याच गर्दीत कोणी बासरी वाजवली, तर ती शेजारच्यालाही ऐकू येणार नाही. मोठा आवाज आपल्या लगतच्या आणि वरच्या पट्टीतील लहान आवाजाला झाकून टाकतो. वाद्यवृंदाचे ध्वनिमिश्रण करणाऱ्याचे निम्मे आयुष्य हा झाकोळ दूर करण्यात जाते.

चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झला बोलते, व्हायोलिनची १९६ हर्ट्झला. कागदावर प्रत्येक वाद्याचा प्रदेश असा निराळा दिसतो; प्रत्यक्षात व्हायोलिन, बासरी, अ‍ॅकॉर्डियन आणि गायिकेचा आवाज मधल्या पट्टीत एकमेकांवर येतात. त्यातच २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान मानवी कान सर्वाधिक तीक्ष्ण असल्याने तेथे गर्दी झाली की सगळेच कर्कश वाटू लागते. नवशिका बासरी ऐकू येत नाही म्हणून तिचा आवाज वाढवतो. मग व्हायोलिन दबतात, त्यांचाही वाढवतो, आणि अखेरीस मिक्सरवरील सगळी बटणे वर जाऊन बासरी पुन्हा हरवते. अनुभवी माणूस बासरीला हात न लावता व्हायोलिनमधील नेमकी तेवढीच पट्टी थोडी खाली आणतो.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात १९५० आणि १९६० च्या दशकांत ही सोयही मर्यादित होती. गायक आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत आणि तेथे जो समतोल साधला जाई तोच कायमचा. एका वादकाची चूक म्हणजे सर्वांना पुन्हा पहिल्यापासून वाजवणे. 'फेमस'मधील मिनू कात्रक यांच्यासारख्या ध्वनिमुद्रकांचे खरे हत्यार होते माइकचे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद दालनात मात्र भिंतींवरून परतणारा नाद तेवढाच राहतो, त्यामुळे वाद्य केवळ लहान न होता मागे सरकल्यासारखे भासते. कोणाला कोठे बसवायचे, हाच तेव्हा मिश्रणाचा मोठा भाग होता.

त्याहूनही आधीचे काम संगीत संयोजक करीत. शंकर-जयकिशन यांच्याकडे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा, मराठीत अनिल मोहिले ही त्यातील ठळक नावे. गायिका शब्द उच्चारीत असताना व्हायोलिनचा ताफा लांब, संथ सुरांवर ठेवायचा आणि ओळ संपताच मोकळा सोडायचा, ही युक्ती स्वरलेखनाच्या कागदावरच घडे. कागदावर दाटी असली तर ती यंत्राने क्वचितच सुटते. पार्श्वसंगीत, संवाद आणि इतर आवाज यांचे मिश्रण ही पुढची कला. त्यासाठी सत्यजित राय आपल्या अनेक चित्रपटांसाठी कोलकात्याहून परळच्या 'राजकमल'मध्ये मंगेश देसाई यांच्याकडे येत.

पुढे स्टिरिओ आणि बहुट्रॅक ध्वनिमुद्रण आले, आणि वाद्यांना डावे-उजवेही मिळाले. परंतु जवळ लावलेल्या माइकने नवी अडचण आणली. वादकापासून १० मीटरवरील मुख्य माइकपर्यंत सूर पोहोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, जवळच्या माइकवर तो जवळजवळ तत्क्षणी येतो. दोन्ही तसेच मिसळले तर क्लॅरिनेट वाद्यवृंदातून बाहेर येऊन कानाशी बसते; म्हणून जवळचा माइक तेवढाच विलंबित करावा लागतो. आज लहान स्टुडिओंत वादक एकेक करून येतात. कोणी कोणाला प्रत्यक्ष ऐकत नाही, त्यामुळे शेजाऱ्यासाठी आपण होऊन हात आखडता घेण्याची गोष्टच उरत नाही. ती उणीव संगणकावर भरून काढणे हे कष्टाचे आणि बहुधा अपुरेच काम ठरते.

एकदा मिसळलेले सुटे करणे तर दीर्घकाळ अशक्यच होते. 'मुगल-ए-आझम' २००४ मध्ये रंगीत होऊन प्रदर्शित झाला, तेव्हा नौशाद यांच्या देखरेखीखाली उत्तम सिंग यांनी वाद्यसंगीत नव्याने ध्वनिमुद्रित केले. गायकांचे आवाज मूळचेच राहिले. २०२२ मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'च्या नव्या आवृत्तीसाठी मात्र संगणकाला शिकवून एकाच ट्रॅकवरील वाद्ये वेगळी काढण्यात आली. हे तंत्र आता घरगुती संगणकापर्यंत आले आहे, तरी पन्नास वादकांच्या दाट वाद्यमेळातून एकट्या चेलोला सोडवताना शेजारच्या वाद्याची सावली त्याला चिकटून येतेच.

मिश्रण पूर्ण झाले की जाणते ध्वनिमुद्रक ते एकाच लहानशा स्पीकरवर, अगदी हळू आवाजात ऐकतात. डाव्या-उजव्याचा आधार तेथे नसतो. बासरी तेथे हरवली, तर हात पुन्हा व्हायोलिनकडे जातो.