निवृत्तीनंतर भारतात वास्तव्य : ओसीआय कार्डाचे लाभ आणि मर्यादा

बंगळुरू : निवृत्त परदेशी नागरिकांसाठी भारतात स्वतंत्र व्हिसा नाही आणि पर्यटक व्हिसावर सलग १८० दिवसांहून अधिक काळ राहता येत नाही. त्यामुळे परदेशी नागरिकत्व स्वीकारलेल्या आणि उतारवयात बंगळुरू, पुण्यासारख्या शहरांत परतू इच्छिणाऱ्या भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ अर्थात ओसीआय कार्ड हाच प्रमुख पर्याय ठरतो.

नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार दिले जाणारे हे कार्ड आजीवन, बहुप्रवेश व्हिसाचे काम करते. दीर्घ वास्तव्यासाठी प्रादेशिक परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात करावी लागणारी नोंदणीही कार्डधारकांना माफ आहे. पूर्वीची पीआयओ कार्ड योजना जानेवारी २०१५ मध्ये ओसीआयमध्ये विलीन झाली. जुनी कार्डे विनादंड बदलून घेण्याची मुदत ३० जून २०१७ पर्यंत वाढवल्याची घोषणा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०१७ मध्ये बंगळुरू येथील प्रवासी भारतीय दिवस संमेलनात केली होती.

नावात ‘नागरिक’ असले तरी हे दुहेरी नागरिकत्व नव्हे. कार्डधारकांना मतदानाचा अधिकार नसतो आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. वयाच्या ५० वर्षांनंतर नवा पासपोर्ट घेतल्यास त्याची प्रत व छायाचित्र तीन महिन्यांत ऑनलाइन सादर करावे लागते.